यंदा मी परक्याच्या बागेत खुडा केला

प्रिय आई, बाबा,

हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी दोन मिनिटांत "हं हं, बरं, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे दिला असता, म्हणून टाईप करून पाठवतेय. दादाच्या पोराला मोठ्याने वाचायला लावा. आणि बाबा, कानातलं मशीन लावून बसा, कपाटात ठेवायला नाही घेतलेलं ते.

तर झालं असं, आमच्या घरमालकाचं गाव इथे जॉर्जियातल्या काखेती भागात आहे, तेलावीच्या जवळ. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांचा खुडा असतो, त्याला म्हणतात र्त्वेली, आणि त्या दिवसांत आमचं अर्धं तिबिलिसी शहर गावाला पळतं, अगदी आपले मुंबईकर गणपतीला कोकणात जातात तसं. नोकरी, कॉलेज, काही असो, गाडीत रिकामे कॅन टाकायचे आणि निघायचं. घरमालक तीन वर्षं म्हणतोय की तू द्राक्षवाल्याची पोरगी ना, मग चल की एकदा. दरवर्षी मेसचं कारण सांगून टाळलं, कारण ऐंशी पोरांचा डबा असतो आणि सप्टेंबरात मेडिकलची नवीन बॅच येते, त्यांना पहिल्या आठवड्यातच घरच्या वरणभाताची आठवण येऊन रडू येतं. यंदा हे म्हणाले मी बघतो दोन दिवस, तू जा. (दोन दिवस पोरांनी खिचडी खाल्ली, ते जाऊ दे.)

तेलावी इथून दीड-दोन तास, मधे गोंबोरीचा घाट. घाट उतरलं की एकदम अलाझानी नदीचं खोरं दिसतं, सपाट, लांबच लांब द्राक्षांच्या ओळी, आणि पलीकडे सरळ भिंतीसारखा कॉकेशसचा डोंगर. देशातली बहुतेक द्राक्षं या एका पट्ट्यात होतात, म्हणजे इथलं निफाडच म्हणा. मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि डोकं आपोआप हिशोब करत होतं, ओळीतलं अंतर किती, तार किती, एकरी झाडं किती बसली असतील. ते काही सुटत नाही बाबा.

बाग बघून तुम्ही आधी हसला असता हे नक्की. मणी हरभऱ्यापेक्षा जरासे मोठे, घड गच्च, ना विरळणी ना डिपिंग, आणि प्रत्येक मण्यात बिया. आपल्याकडे व्यापाऱ्याने या मालाकडे वळूनसुद्धा बघितलं नसतं. पण हे खायचं द्राक्षच नाही ना, हे वाईनचं. साखर बघितली तर आपला एक्स्पोर्टचा माल १८ ब्रिक्सला निघायचा, हे लोक २२-२४ ची वाट बघतात. पांढऱ्याचं नाव र्कात्सितेली आणि काळ्याचं सापेरावी. सापेरावीचा अर्थच मुळी रंग देणारं, आणि खरंच, मणी चिरडला तर गरसुद्धा लाल, नुसती साल नाही. दुपारपर्यंत माझे हात जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते, आज आठवा दिवस, नखांच्या कडा अजून निळ्या आहेत, मेसमधली पोरं विचारतात ताई शाई सांडली का. आणि अशा देशी जाती इथे पाचशेच्या वर आहेत म्हणे. आपण थॉमसन, सोनाका, शरद सांगून दमतो.

गारांची भीती मात्र डिट्टो आपल्यासारखीच. घरमालक आभाळाकडे तसाच बघतो जसे तुम्ही बघायचात, बोलता बोलता मधेच मान वर. काखेतीत २०१५ पासून सरकारने रडार आणि रॉकेटं लावली आहेत, गारांचा ढग दिसला की त्यात रॉकेट सोडतात. मी विचारलं उपयोग होतो का, तर खांदे उडवले आणि म्हणाला कधी होतो, कधी देवाचं ऐकावं लागतं. आपल्याकडे त्या वर्षी नुसतं देवाचंच ऐकावं लागलं. असो, तो विषय नको, आई ओरडेल.

आता वाईन कशी करतात ते सांगते, कारण हे बाबांना आवडेल. जमिनीत मातीचे मोठाले रांजण पुरलेले असतात, फक्त तोंड वर. आपल्या आजोबांच्या वाड्यात धान्याचं पेव होतं ना, तू सांगायचीस आई, तसंच दिसतं पहिल्यांदा. याला म्हणतात क्वेव्री. आतून मधमाशीच्या मेणाचा हात फिरवलेला असतो. रस, साली, बिया, कधी देठसुद्धा, सगळं एकत्र आत, मग आंबणं झालं की झाकण लावून मातीने लिंपायचं आणि वसंतात उघडायचं. पांढऱ्या द्राक्षाची वाईन सालीबरोबर राहून चहासारखी पिवळट-तांबूस होते. मोठा रांजण धुवायला माणूस आत उतरतो आणि चेरीच्या सालीच्या ब्रशने घासतो. ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांवर वाईनचे अंश सापडलेत इथे, २०१७ साली ते छापून आलं, आणि तेव्हापासून टॅक्सीवालासुद्धा तुम्हाला हा आकडा ऐकवल्याशिवाय उतरू देत नाही.

द्राक्षं तुडवायला झाडाचं खोड कोरून केलेली लांब होडी असते, त्यात पाय धुऊन पुरुष उतरतात, आणि तिथे गाणं सुरू होतं. म्हणजे कार्यक्रम वगैरे नाही, माईक नाही, पेटी नाही, तबला नाही. एक जण पाय हलवता हलवता सुरू करतो, दुसरा वरून त्यात शिरतो आणि बाकीचे जिथे असतील तिथून, कोणी क्रेट उचलताना, कोणी सिगारेट विझवून, खालून एकच सूर धरतात. ओ… करून. या खालच्या सुराला म्हणतात बानी. बाबा, मी हातातली कात्री घेऊन तिथेच उभी राहिले. कारण तो तुमचा वीणेचा सूर होता. सप्ताहात वीणा उभी असते ना, अभंग बदलतो, बुवा बदलतात, तो सूर खाली तसाच, तर इथे वीणेच्या जागी माणसंच उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवारी अलावेर्दीला गेलो, अकराव्या शतकातलं चर्च आहे, पन्नास मीटरच्या वर उंच, त्या सपाट रानात एकटंच उभं, लांबून कळसच वाटतो. सप्टेंबरच्या शेवटी तिथे अलावेर्दोबा असते, म्हणजे जत्राच. आई, तुला फोटो दाखवला असता तर तू म्हणाली असतीस खंडोबाच्या चंदनपुरीला कधी गेलेलीस? लोक नवसाची मेंढी घेऊन चर्चला तीन प्रदक्षिणा घालतात! बायकांना डोकं झाकावं लागतं, पॅंट चालत नाही, मी ड्रेसवर ओढणी घेतली तर एका म्हातारीने येऊन ती माझ्या कपाळापर्यंत पुढे ओढली, अगदी आत्याबाईंसारखी. आत तीन आवाजात स्तोत्रं चाललेली, वाद्य एकही नाही, चर्चमध्ये वाद्य वाजवतच नाहीत. तिथले साधू स्वतः क्वेव्रीत वाईन करतात. देवाच्या दारी दारू म्हणून बाबा आता कपाळाला आठ्या घालतील, पण इथे ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रूससुद्धा द्राक्षाच्या काड्यांचा होता, स्वतःच्या केसांनी बांधलेला, असं सांगतात. त्यामुळे इथे वेल म्हणजे आपली तुळस समजा.

संध्याकाळी घरमालकाकडे सुप्रा, म्हणजे पंगत. माझं खायचं काय होणार ही तुझी काळजी, तर वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण, मडक्यात शिजवलेला राजमा, चीज, आणि तंदूरसारख्या भट्टीत भिंतीला थापून केलेली लांबट पुरी. पुरी म्हणजे इथे पाव, आणि मामा म्हणजे बाबा! आईला देदा म्हणतात. पहिल्या वर्षी घरमालकाची मुलगी "मामा, मामा" करत बापाच्या गळ्यात पडली तेव्हा मी नातं जुळवत बसले होते. बायका मात्र सकाळपासून चुलीशीच, पुरुष टेबलाशी बसून प्रेमाने बायकांच्या नावाने प्याला उचलतात, उठून ताट कोणी उचलत नाही. ते बघून मला अजिबात परदेशात असल्यासारखं वाटलं नाही.

टेबलावर मनाला येईल तेव्हा प्यायचं नसतं. एक तामादा असतो, तो उभा राहून बोलतो, आधी देव, देश, शांतता, मग गेलेली माणसं, तेव्हा पावाच्या तुकड्यावर वाईनचे थेंब टाकतात, मग मुलं, असं चालतं आणि प्रत्येक बोलण्यानंतर गाणं. तामादा आपलं बोलणं अर्धं ठेवून दुसऱ्याला पुढे बोलायला सांगू शकतो, त्याला अलावेर्दी म्हणतात, त्या चर्चचंच नाव. तर आईवडिलांच्या नावाने प्याला उचलला आणि तामादा माझ्याकडे वळून म्हणाला, अलावेर्दी.

माझं जॉर्जियन भाजी बाजारापुरतं. तोंड उघडलं आणि मराठीच आलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या आईचे गुडघे गेलेत आणि ती तरी रोज पाच वाजता उठते असं म्हणाले. माझे बाबा माळकरी आहेत, आयुष्यभर द्राक्षं लावली पण वाईनचा थेंब चाखला नाही, बाग तोडली त्या दिवशी जेवले नाहीत आणि त्यानंतर भजनाला जायचं सोडलं, म्हणतात आवाज गेला. एवढंच. कोणालाही एक शब्द कळला नाही आणि सगळे उभे होते. घरमालकाची आई पदर, म्हणजे रुमाल, डोळ्याला लावत होती, तिला काय कळलं कोण जाणे.

आई, घट बसलेले असताना मी एक घोट घेतला. एकच. मातीच्या वाटीतून. सांगून टाकलं.

मग सुरू झालं म्रवालझामिएरी. अर्थ एवढाच की खूप खूप वर्षं जगा, तेच तेच म्हणतात, औक्षवंत व्हा म्हणतो तसं. घरमालकाचे वडील माझ्या शेजारी होते, ऐंशीच्या पुढचे, बोलतात तेव्हा नुसती खरखर, मला वाटलं होतं हे बसून ऐकत असतील. तर ते बानीत. मला कोपराने ढोसलं, तू पण. मी धरला सूर. सोपं वाटलं, आपल्याला तर लहानपणापासून सवय, पण हा सूर मधेच एक पायरी खाली उतरतो आणि परत वर येतो, आणि मी आपली वरच लटकले, असं काही भयानक वाजलं की समोरचे दोघे गाता गाता हसले. पुढच्या वेळी म्हाताऱ्यांनी माझा हात टेबलावर आपल्या हाताखाली धरून ठेवला. उतरायचं असलं की हळूच दाबायचे, वर यायचं असलं की सैल सोडायचे. त्यांचा हात खडबडीत, अंगठ्याजवळ कात्रीचा घट्टा, तुमचा आहे तिथेच. आणि श्वास? सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, शेजारच्याचा चालू असताना आपण चोरून घ्यायचा. त्यांना दर दोन ओळींनी दम लागत होता, पण सूर कुठे तुटत नव्हता, कारण बाकीचे होते.

नंतर मी घरमालकाच्या मुलीला मधे घालून विचारलं, आजोबा पूर्वी वरचा आवाज गायचे का. म्हणे हो, गावात पहिला आवाज त्यांचाच. १९८५ मध्ये गोर्बाचोव्हने दारूबंदीची मोहीम काढली, द्राक्षबागा उपटल्या, तेव्हा यांची पण गेली, अंगणातला एक मांडव तेवढा राहिला. गाणं सोडलं का? तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी काहीतरी येड्यासारखं विचारलंय. वरचा आवाज गेला, मग खालच्यात बसलो, म्हणाले. खाली माणसं लागतातच.

अजून एक गंमत. त्यांचं एक काखेतीचं पंगतीतलंच गाणं आहे, चाक्रुलो, ते १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानाबरोबर तबकडीवर अवकाशात पाठवलं, हे मला त्या रात्री चार जणांनी वेगवेगळं सांगितलं. घरी येऊन शोधलं तर त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकर आहेत! गोव्यातल्या केरीच्या. भैरवी. दोघं एकाच यानात बसून सूर्यमालेच्या बाहेर गेलेत आणि इथे आमची सीटवर कोण बसलं म्हणून मार्शरुत्कात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, भांडणं. दुसऱ्या दिवशी घरमालकाला केसरबाई ऐकवल्या, तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि मग तानपुऱ्याकडे बोट करून, म्हणजे फोनकडे, म्हणाला, बानी.

तर बाबा. मी दादाशी बोललेय. तो मंगळवारी तुम्हाला गाडीवर भजनाला सोडेल आणि दहाला न्यायला येईल. पुढे बसून चाल म्हणायला कोणी सांगत नाहीये, मागे बसा, भिंतीला टेकून, आणि धृपद आलं की खालून धरा. खरखर झाली तर होऊ दे. दम लागला की शेजारच्याचा चालू असताना घ्या. आवाज गेला हे कारण मी आता ऐकणार नाही, आणि टाळ आईने माळ्यावर टाकलेत ते मला माहिती आहेत कुठे आहेत, तांब्याच्या घंगाळाच्या मागे.

एका पोराचे आई-वडील दिवाळीत नाशिकला जातायत, त्यांच्याबरोबर चुर्चखेला पाठवतेय. मेणबत्तीसारखं दिसतं, उदबत्तीच्या कपाटात ठेवू नका, खायचं आहे. दोऱ्यात अक्रोड ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवतात, दारूचा काही संबंध नाही, बाबांना चालेल. दोरा आधी एका टोकाने ओढून काढायचा, मग कापायचं. आईने बारीक तुकडे करावेत, बाबांच्या कवळीला चिकटतं.

तुमची
ताई