न्यायमंदिराला कुलूप नको, वर्दळ हवी

महोदय,

बडोद्यातल्या सुरसागर तलावाजवळच्या न्यायमंदिराचे, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीचे, संग्रहालय करा, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. मला ती पटत नाही. २०१८ मध्ये न्यायालये नव्या संकुलात गेली, ते योग्यच झाले. जुन्या जागेत पक्षकारांना धड उभे राहता येत नसे, आणि गाडी लावण्याचे तर नावच नको. पण कोर्ट गेले म्हणून इमारतीचे काम संपले, असे का मानायचे?

१८९६ची ही वास्तू इंग्रज वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांची. मूळ वास्तुविशारद मेजर मँट यांच्या निधनानंतर ज्यांनी लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण केला तेच हे चिझम. इथे त्यांनी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातली, धाटणी घेतली. मधल्या दालनात मोझेकचे काम आणि इटालियन शिल्पकार फेलिची यांनी घडवलेला महाराणी चिमणाबाईंचा पुतळा. तारखेला आलेला पादरा-डभोईकडचा शेतकरीसुद्धा त्या दालनातून जाताना मान वर करून बघत असे. राजवाड्यात त्याला कोण आत घेणार होते? एवढे देखणे दालन त्याला तिकिटाशिवाय मिळाले, ते कचेरीचे काम होते म्हणूनच.

खरे तर ही इमारत मंडईसाठी योजली होती, तिथे कोर्ट आले. उलट १९०६चे खंडेराव मार्केट बांधले बाजारासाठी, आज तिथे महापालिकेची कचेरी आहे. इमारतीने धंदा बदलणे बडोद्याला नवे नाही. चिझम यांच्याच बडोदा कॉलेजच्या घुमटाची इमारत आजही कला शाखेकडे आहे, विद्यार्थ्यांची ये-जा चालू आहे. संग्रहालय म्हणाल तर सयाजीबागेत आहे, राजवाड्याच्या आवारात फतेसिंह संग्रहालय आहे. तिथे आपण स्वतः शेवटचे कधी गेलो होतो, हे प्रत्येकाने आठवून पाहावे! (पाहुणे आले होते तेव्हा, हे उत्तर धरणार नाही.)

तळमजल्यावर जनसेवा केंद्र, दाखल्यांच्या खिडक्या, मोफत कायदा सल्ला असे काही आणावे. मधले दालन मात्र सर्वांना मोकळे राहावे. शेजारच्या मंगळ बाजारातली गर्दी आधी हटवा, मग बघू, असे कोणी म्हणेल. अहो, माणसे असलेल्या जागीच तर कचेरी सोयीची!

आणि दुरुस्ती चुन्यातच व्हावी. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीतली ओल आत कोंडतो, मग वरून कितीही रंग द्या, पोपडे पडतातच. महापालिकेने निविदेत ही अट स्पष्ट घालावी.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे