हेवीवेटची यादी : नुसता आकडा बघू नका, जोडही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत हेवीवेट बॉक्सिंगमधल्या सर्वकाळच्या दहा श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची यादी छापून आली. पहिला नंबर रॉकी मार्सियानोला. कारण काय, तर 49 लढती आणि 49 विजय. यादी चवीनं वाचली, पण पहिल्याच नावाला ठेच लागली. आमच्याकडं जत्रेच्या फडात पैलवान किती कुस्त्या मारून आला हे कुणी विचारत नाही. जोड कुणाशी लागली होती, ते विचारतात. आम्ही हरिश्चंद्र बिराजदारांच्या मुलखातली माणसं, ही खोड जायची नाही.

आता मार्सियानोची जोड बघा. 1951 मध्ये त्यानं माजी विजेत्या जो लुईला झोपवलं, तेव्हा लुई 37 वर्षांचा होता आणि थकलेल्या करापायी पुन्हा रिंगमध्ये उतरला होता. 1952 मध्ये ज्याच्याकडून विजेतेपद घेतलं, तो जर्सी जो वॉलकॉट 38 वर्षांचा. त्या लढतीत 12 फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागं होता. तेराव्या फेरीत दोघांनीही उजवा ठोसा काढला. मार्सियानोचा आधी पोचला. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला आणि तो तसाच गुडघ्यांवर खाली घसरला. ठोसा लाजवाब होता, त्यात वाद नाही. पण आजच्या नियमानं लढत 12 फेऱ्यांतच संपली असती आणि पाटी कोरी राहिली नसती.

हीच गोष्ट लुईची. 1941 मध्ये बिली कॉनपुढं तो 12 फेऱ्यांनंतर गुणांवर मागं होता. कॉन जिंकत आलेला डाव सोडून ठोसेबाजीला गेला आणि तेराव्या फेरीत आडवा झाला. 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या लाइटवेट लढतीत चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम डुक-कू पुढं दगावला. त्यानंतर एकेका संघटनेनं 15 च्या 12 फेऱ्या केल्या. तो निर्णय रास्तच होता. पण त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विजेत्यांना एकच फूटपट्टी कशी लावायची, याबद्दल आपल्या लेखात अवाक्षर नाही.

माझं मत विचाराल तर सत्तरचं दशक सगळ्यांत वरचं. तेव्हा सगळे सगळ्यांशी लढले. जो फ्रेझियरनं 1971 मध्ये मुहम्मद अलीला हरवलं; पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हूकनं अली पाठीवर पडला आणि क्षणात उठलाही. त्याच फ्रेझियरला फोरमननं 1973 मध्ये किंग्स्टनला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. नॉर्टननं त्याच वर्षी अलीचा जबडा मोडला, तर फोरमननं 1974 मध्ये नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत संपवलं. आणि असा हा फोरमन त्याच वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासाच्या उकाड्यात दोराला टेकलेल्या अलीवर ठोसे मारून मारून दमला नि आठव्या फेरीत पडला. पुढच्या वर्षी मनिलात चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरला दिसेनासं झालं होतं. प्रशिक्षक एडी फचनं त्याला शेवटच्या फेरीसाठी उठूच दिलं नाही. एवढ्या तोलामोलाच्या जोडी दुसऱ्या कुठल्या काळात लागल्या, ते यादीकारांनी सांगावं.

बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा पिणारी पोरं मात्र टायसनवरून हलत नाहीत. विसाव्या वर्षी विजेता, मायकेल स्पिंक्स 91 सेकंदांत गार, हे त्यांना तोंडपाठ. कबूल. पण ज्यानं हरवलं त्याला पुन्हा गाठून हिशेब चुकता केला का, हेही विचारा ना! लुईनं श्मेलिंगला पहिल्याच फेरीत उलटं केलं. अलीनं फ्रेझियर, नॉर्टन, लिऑन स्पिंक्स तिघांचीही परतफेड केली (नॉर्टनबरोबरच्या तिसऱ्या लढतीच्या निकालावर अजून भांडणं होतात, ते सोडा). लेनॉक्स लुईसनं मॅकॉल आणि रहमान दोघांनाही परत चोपलं. टायसन डग्लसपुढं पुन्हा उभा राहिलाच नाही आणि होलिफिल्डकडून दोनदा हरला, दुसऱ्यांदा तर कान चावून.

म्हणून माझी यादी अशी : अली, मग जो लुई, सलग जवळपास 12 वर्षं विजेतेपद आणि 25 वेळा ते राखणं ही खायची गोष्ट नाही. तिसरा लेनॉक्स लुईस. मग फोरमन, तोही नुसत्या सत्तरच्या दशकामुळं नव्हे, 1994 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मूररला बाद केलं त्यासाठीही. लॅरी होम्स आणि फ्रेझियर त्यांच्या मागं. मार्सियानो सातवा, टायसन त्याच्या खाली.

वजनाचं म्हणाल तर मार्सियानो 84-85 किलोंचा, म्हणजे आजच्या हिशेबानं क्रूझरवेट, हेवीवेटच्या खालचा गट. आजच्या धिप्पाडांपुढं जुने टिकले नसते, असं आपल्या लेखकाचं म्हणणं. मग क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकनं 2024 मध्ये फ्युरीला दोनदा कसं हरवलं? दुसऱ्या वेळी तर फ्युरी त्याच्यापेक्षा जवळपास 25 किलोंनी जड होता. उसिकचं नाव आपल्या यादीत दहातही नाही, याचं नवल वाटतं. मी त्याला फ्रेझियरच्या शेजारी बसवीन.

लुईच्या आधीच्या काळाला मात्र मी नंबर देत नाही. कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या जागतिक विजेतेपदासाठी कधी लढूच दिलं नाही. तसाच कृष्णवर्णीय हॅरी विल्स, विजेत्या डेम्प्सीची वाट बघत म्हातारा झाला. कातडीचा रंग बघून जोड नाकारली जात होती, तिथं श्रेष्ठ कोण हे ठरवायचं कशावरून?

जाता जाता एक विनंती. आपल्या हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं, कौर सिंग यांनी 1982 मध्ये दिल्लीत. पुरवणीच्या पानभर लेखात दोघांचा साधा उल्लेख नाही. येत्या रविवारी त्यांच्यावर अर्धं पान तरी द्यावं.

आपला,
एक जुना वाचक
निलंगा, जि. लातूर