सोलरवाल्याला होकार देण्याआधी

आऱ्हुस, डेन्मार्क
10 ऑगस्ट 2025

ती. नाना आणि माय,
साष्टांग नमस्कार.

कानबाईच्या सणाचे फोटो मिळाले. विसर्जनाच्या फोटोत माय डोक्यावर चौरंग घेऊन पांझरेत उतरलीय आणि मागे नदी दोन्ही थड्या भरून वाहतेय. तो फोटो मी कितीदा पाहिला असेल. रोट खायला यंदाही येता आलं नाही, त्याची हुरहुर आहे. राखी वेळेवर पोचली हे कळलं, बरं वाटलं.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सोलरवाला आलाय, खालची पडीक दोन हेक्टर भाड्याने मागतोय, देऊ का?" मी कामावर होते, घाईत "द्या की" म्हणून मोकळी झाले. रात्री झोप लागेना. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितेय. आबांनाही वाचून दाखवा, कारण यातली निम्मी गोष्ट त्यांचीच आहे.

आधी हे सांगते की मी सोलरच्या विरोधात नाही. मी सातवीत असताना आपल्याकडे शेतीची लाइट रात्री बाराला यायची. कांद्याला बारं धरायला तुम्ही निघालात की मी बॅटरी धरून मागे यायचे. मार्गशीर्षातली थंडी, पाटातलं पाणी पायाला चावायचं. तुम्ही फावड्याने वाफा फोडायचात आणि मी बांधावर प्रकाश पाडत उभी असायचे. सातव्या वाफ्याला मोटर बंद पडायची, लाइट गेलेली असायची. एकदा उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. तुम्ही मला मागे ओढून बराच वेळ नुसते उभे राहिलात. तुमचा हात थरथरत होता, ते मला अजून आठवतं. दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याच्या जिवाची गोष्ट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे: सबस्टेशनजवळ सोलर उभारायचं आणि तिथूनच शेतीच्या वीजवाहिनीला, म्हणजे फीडरला, दिवसा वीज द्यायची. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, हे त्या माणसाने सांगितलं ते योजनेत आहेच. तेवढं तो खरं बोलला.

पण ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या आठवा. लांबलचक ट्रेलरवरून पाती साक्रीतून जायची तेव्हा आम्ही शाळा सोडून बघायला धावायचो. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत आज त्यांचं नाव घेतात. त्या पात्यांकडे बघूनच मी ऊर्जेचं हे शिक्षण घेतलं. दिनूकाकांची पठारावरची जमीन मात्र एका कंपनीचा दलाल किरकोळ पैशात घेऊन गेला. कागद इंग्रजीत होता, काकांनी अंगठा दिला. पुढे रस्त्यासाठी उरलेल्या शेताचा बांध फुटला, दोन पावसाळे माती वाहून गेली, आणि विचारायला गेलं तर दलालाचा फोन बंद. काकांच्या ओसरीतून आजही ती चक्की फिरताना दिसते. तिच्या एका युनिटवरही त्यांचं नाव नाही.

इथे आल्यावर मला कळलं की हे असंच व्हायला पाहिजे असं मुळीच नाही.

गेल्या महिन्यात मी साम्सो बेटावर गेले होते. बोटीने तासाभराचा प्रवास. जेमतेम चार हजार वस्ती, बटाटे आणि भाजीपाला पिकवणारे शेतकरी. 1997 साली सरकारने स्पर्धा ठेवली होती, कोणतं बेट दहा वर्षांत स्वतःच्या ऊर्जेवर चालून दाखवेल, आणि साम्सो निवडलं गेलं. तोवर तिथे तेल आणि कोळशाची वीज बाहेरून यायची. सोरेन हरमनसेन नावाचा तिथलाच एक शेतकऱ्याचा मुलगा घरोघर, बैठकीबैठकीला जाऊन लोकांशी बोलत राहिला. जमिनीवर 11 चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या 9 शेतकऱ्यांच्या आणि 2 सहकारी. समुद्रात 10, त्यातल्या 5 बेटाच्या नगरपालिकेच्या आणि बाकी शेतकऱ्यांच्या व छोट्या भागधारकांच्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला स्वयंपाकघरात बसवून वही दाखवली. एका पानावर दुधाचा हिशेब, समोरच्या पानावर चक्कीच्या युनिटांचा. दोन्हींना एकच पेन. नाना, मला दिनूकाका आठवले आणि घशात काहीतरी अडकलं.

डेन्मार्कला हे शहाणपण सुखात सुचलेलं नाही. 1973 साली तेलाचे भाव भडकले तेव्हा हा देश जवळजवळ सगळा परदेशी तेलावर चालत होता. रविवारी गाड्या चालवायला बंदी आली. त्या धक्क्यातून हे लोक वाऱ्याकडे वळले. 1991 मध्ये जगातला पहिला समुद्रातला पवनप्रकल्प इथे विंडेबीला झाला, 11 चक्क्यांचा. कोपनहेगनसमोर समुद्रात 2000 सालापासून 20 चक्क्या आहेत. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या, सभासद आठ हजारांहून जास्त. आज देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे. 2008 साली तर कायदाच झाला की नवी चक्की उभारताना निदान 20 टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी विकत घ्यायला द्यायचा. पुढे तो नियम बदलला, पण ज्याच्या अंगणात सावली पडते त्याला आधी विचारायचं, ही रीत त्यांनी कायद्यात आणून दाखवली.

आणि नाना, ही रीत आपल्याला नवी आहे का? आबांना विचारा. पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड बागायत चालत आली. बंधाऱ्यातून पाट काढायचा, पाणी उताराने शेतात जायचं, मोटर नाही की डिझेल नाही. फड म्हणजे शेतांचा एक मोठा तुकडा, एका फडात एकच पीक. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, म्हणजे पाणी कमी असलं आणि एकच फड भिजला तरी सगळ्यांच्या घरी काहीतरी यायचं. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या राखण करणार, त्यांचा मोबदला सगळे मिळून देणार आणि भांडण पंचांपुढे मिटणार. आबांचे वडील पाटकरी होते ना? पाटाच्या शेंड्याच्या शेताला आधी पाणी, असं ते म्हणायचे, हे मी लहानपणी आबांकडूनच ऐकलंय. पाणी वाटून घेणाऱ्या गावाला ऊनही वाटून घेता येईल, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. केंद्राच्या कुसुम योजनेत एक घटक असा आहे की शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी, इतकंच काय पाणी वापर संस्थासुद्धा स्वतःचा 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा सोलर प्रकल्प उभारून वीज विकू शकते. एका मेगावॅटला साधारण पाच एकर लागतात. आपली खालची पडीक तेवढीच आहे! पण काम काही कोटींचं आहे, बँक तारण मागणार, एकट्याच्या आवाक्यातलं नाही. दहा-पंधरा घरं मिळून विचार करता येईल. योजनेला मुदत असते, म्हणून धुळ्याला महावितरणच्या कार्यालयात जाऊन आधी नीट विचारून या.

ते जमलं नाही तर भाड्याने द्या, मी अडवणार नाही. पण दलालाच्या हाताने नको. करार मराठीत वाचून घ्या आणि नोंदणी केलेलाच करा. मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण काढणार ते लिहून घ्या. पॅनल धुवायला पाणी कुठून आणणार ते विचारा. आपल्या विहिरीवर डोळा असेल तर तिथेच नाही म्हणा. येण्याजाण्याचा रस्ता कुठून, ते नकाशावर दाखवायला सांगा, दिनूकाकांचा बांध आठवून. इथे पॅनलखाली मेंढ्या चरतात. आपल्या शेळ्यांना तशी मुभा मागून बघा. आणि गायरान मागायला आले तर एकट्या सरपंचाने सही करू नये, ग्रामसभा घ्या. गावाची गुरं मग कुठे जातील, हे बाया आधी विचारतील, त्यांना बोलू द्या.

सौर पंपाचंही सांगते, कारण दादाने 'मागेल त्याला सौर पंप' योजनेत अर्ज केलाय. दहा टक्के भरले की पंप मिळतो, चांगलंच आहे. माझी धास्ती वेगळी आहे. बिल नाही म्हटल्यावर मोटर दिवसभर चालू राहते आणि बोअर खाली खाली जातं. ऊन फुकट आहे, खालचं पाणी नाही. दादाला म्हणावं, ठिबक जोडल्याशिवाय पंप चालवू नकोस. जंगल राखणाऱ्या बारीपाड्याच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी असतं, ते आपल्या तालुक्यातलंच गाव आहे. चैत्राम पवारांना यंदा पद्मश्री मिळाली ती कुऱ्हाडबंदी गावाने गावासाठी पाळली म्हणून. माझ्या लेखी ते काम इथल्या कुठल्याही यंत्राइतकंच मोठं आहे.

मायने विचारलं होतं, तिकडे गाईंवर कर बसवलाय म्हणे? हो, 2030 पासून. गुरांच्या ढेकरातून मिथेन निघतो, तो हवा तापवतो. इथे माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, बाहेरून आणलेलं सोयाबीन खाऊन वाढतात. इथल्या लोकांना तो कर शोभतो. आपल्या दोन गाई बांधावरचं गवत आणि मक्याचा चारा खातात, शेणाने शेत भरतं. त्यांची तुलना होऊ शकत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. साम्सोवर गव्हाचं काड जाळत नाहीत. गठ्ठे करून गावच्या बॉयलरला देतात, त्यावर पाणी तापतं आणि नळाने घरोघरी ऊब जाते. आपण कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावरच पेटवतो. त्याचं काय करता येईल ते शोधतेय, पुढच्या पत्रात लिहीन.

गेल्या महिन्यातच आपल्या सरकारने सांगितलं की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-तेल सोडून आहे, 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. मला अभिमान वाटला. प्रत्यक्ष विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे, भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राची धुराडी तुम्ही पाहिलीच आहेत. म्हणजे अजून पुष्कळ पॅनल बसायचे आहेत आणि ते आपल्यासारख्यांच्याच पडीक जमिनीवर बसणार आहेत.

तर नाना, सोलरवाल्याला पोळ्यापर्यंत थांबायला सांगा. तोवर सातबाराचा आणि करारनाम्याच्या मसुद्याचा फोटो पाठवा, मी ओळ न् ओळ वाचते. दिनूकाकांचा जुना कागद कुठे जपून असेल तर तोही पाठवा. आणि आबांना रोज संध्याकाळी थोडं बसवून फडाचे नियम दादाकडून वहीत उतरवून घ्या: पाटकऱ्याला काय द्यायचे, पाळी कशी ठरायची, कोणी पाणी चोरलं तर दंड काय. सगळं, जसं ते सांगतील तसं.

मायला म्हणावं मी वेळेवर जेवते. कळण्याच्या पिठाचं पुडकं संपत आलंय, पण पाठवायची घाई नको.

तुमची,
मनी