हलवायाच्या घरावर सरकारचं तुळशीपत्र

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की मंत्रालयातून एक घोषणा हमखास येते, अमुक शहराचा मालमत्ता कर माफ, तमुक ठिकाणची वसुली थांबवली. आपण टाळ्या वाजवतो, फ्लेक्स लागतात. पण तो कर सरकारचा नसतोच हो, महापालिकेचा असतो! माफी जाहीर करणारा एक आणि खिसा रिकामा होणार दुसऱ्याचा.

आमच्या पुण्याचंच घ्या. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत १९७० पासून चालू होती, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला म्हणून २०१८ ला राज्य सरकारनेच ती बंद करायला लावली, मग लोकांना फरकाची बिलं येऊ लागली, आरडाओरडा झाला, पुण्यातल्याच कसबा विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली आणि २०२३ ला त्याच सरकारी यंत्रणेने सवलत परत दिली. आता पीटी ३ चा अर्ज भरा, राहत्या घराचा पुरावा जोडा. सवलत मलाही मिळते, मी काही ती परत करणार नाहीये. पण बंद करतानाही निर्णय मुंबईत, चालू करतानाही मुंबईत, आणि बजेटमधला खड्डा मात्र पुण्यात. शेजारी पिंपरी चिंचवडला शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामांवरचा दंडाचा कर, माफ झाला तोही असाच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला, आनंदच आहे, पण ती मुंबई महापालिका, तिच्याकडे ठेवी आहेत. बाकीच्यांनी काय करायचं?

समाविष्ट गावांचं तर विचारूच नका. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ अशी ३४ गावं शहरात घेतली. तिथल्या लोकांना ग्रामपंचायतीची घरपट्टी माहिती, एकदम महापालिकेच्या दराने बिल आलं म्हटल्यावर चिडणारच, वर रस्ता नाही, ड्रेनेज नाही, पाणी टँकरचं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं याच भांडणातून बाहेर पडली, वेगळी नगरपरिषद झाली. बाकी गावांची वसुली २०२४ ला विधानसभेच्या तोंडावर राज्याने थांबवली. म्हणजे गावं घ्यायला लावायची राज्याने, वसुली थांबवायची राज्याने, आणि पाईपलाईन टाकायची महापालिकेने, कशातून ते कुणी सांगायचं नाही.

बरं महापालिकेकडे दुसरं स्वतःचं साधन तरी काय उरलंय? आधी जकात होती. नाक्यावर ट्रकच्या रांगा आणि चिरीमिरी, ती गेली ते बरंच झालं. २०१३ ला पुण्यात तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, शेवटी १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला, आणि २०१७ च्या जुलैमध्ये जीएसटी आला तेव्हा मुंबईच्या जकातीसकट सगळंच संपलं. त्या बदल्यात राज्य दर महिन्याला भरपाई देतं. तेव्हा मुंबईला पहिला चेक ६४७ कोटींचा दिला तर त्या कार्यक्रमातही दोन पक्षांची घोषणाबाजी, जणू कुणी घरचे पैसे देत होतं.

खरी मेख त्या भरपाईच्या हिशोबात आहे. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरायचं आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ. त्या वर्षी ज्या शहराची वसुली चांगली होती त्याचं भलं झालं, ज्याची मार खात होती ते कायमचं मागे. शहर किती वाढलं, लोकसंख्या किती झाली, गावं किती आली, याचा त्या ८ टक्क्यांशी काही संबंध नाही. आमच्याकडची ही ३४ गावं तर पायाभूत वर्षानंतरच आलीत! बाकी घर-जमिनीच्या व्यवहारात मुद्रांक शुल्काबरोबर घेतला जाणारा १ टक्का अधिभार आहे, तोही आधी सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथून महापालिकेकडे कधी येईल याची वाट बघायची.

गंमत अशी की हेच आपले राज्यातले नेते दिल्लीबद्दल बोलताना अगदी पोटतिडकीने बोलतात. महाराष्ट्र एवढा कर देतो आणि परत काय मिळालं तर १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) वाटपात, केंद्राच्या करांतून सगळ्या राज्यांना मिळून दिलेल्या ४१ टक्क्यांतले जेमतेम ६.३ टक्के. पटतं मला ते. पण मग पुणे, नाशिक, सोलापूर हेच मुंबईतल्या राज्य सरकारकडे बघून म्हणाले तर? केंद्राचा वाटा निदान वित्त आयोग ठरवतो, त्याच्या आकड्यांवर देशभर चर्चा होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्य आणि पालिकांमधल्या वाटणीसाठीही दर ५ वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायला सांगितलंय, त्याच्या शिफारशी आणि त्यावर काय केलं हे विधिमंडळात ठेवायला सांगितलंय. आपल्या राज्याच्या आयोगाने काय सुचवलं हे रस्त्यावर दहा माणसांना विचारा, एकाला सांगता आलं तर मला कळवा.

मार्च २०२२ नंतर तर जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, राज्याने नेमलेला प्रशासक होता. त्याने कुणाशी भांडायचं, त्याची बदली करणारंही राज्य सरकारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की राज्याला सवलत द्यायची तर खुशाल द्यावी, पण जेवढं उत्पन्न बुडेल तेवढं राज्याच्या बजेटमधून पालिकेला भरून द्यावं, तसं त्या निर्णयातच लिहावं. आणि जीएसटीच्या भरपाईचं पायाभूत वर्ष आता सोडून द्या, लोकसंख्या आणि हद्द बघून वाटा ठरवा. आता नगरसेवक आलेत, गल्लीतल्या पेव्हिंग ब्लॉकच्या आधी त्यांनी हा ठराव करून मंत्रालयात पाठवावा, मग पक्ष कुठलाही असो.

आपला,
एक नियमित करदाता वाचक
सिंहगड रोड, पुणे