'शुड' म्हणजे नुसतं 'पाहिजे' नव्हे

संपादक महोदय,

'शुड म्हणजे पाहिजे' एवढी एकच ओळ दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या बहुतेक वह्यांत मोडल ऑक्झिलरीच्या, म्हणजे 'शुड'सारख्या सहायक क्रियापदांच्या, पानावर सापडते. ती चूक नाही, पण अपुरी आहे आणि वर्गाबाहेर ती महागात पडते.

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या करारात 'शुड द गुड्स अराइव्ह डॅमेज्ड, द बायर शाल नोटिफाय द सेलर' अशा धाटणीचं कलम असू शकतं. पाठ केलेला अर्थ लावला, तर 'माल खराब होऊन पोचला पाहिजे' असं भलतंच निघतं. खरा अर्थ, 'माल खराब होऊन पोचलाच, तर खरेदीदारानं विक्रेत्याला कळवायचं.' वाक्याच्या तोंडाशी आलेला हा 'शुड' 'इफ'चं काम करतो, आणि शक्यता कमी आहे हेही सुचवतो. म्हणून 'पोचला तर' नव्हे, 'पोचलाच तर'. ही रचना लिहिताना क्रियापद मूळ रूपातच ठेवावं: 'शुड ही कम', 'कम्स' नाही. नकार असेल तर 'नॉट' सुटा आणि कर्त्यानंतर येतो, 'शुड यू नॉट रिसीव्ह'. 'शुडंट यू' लिहिलं की वाक्य प्रश्नासारखं वाचलं जातं. शेवटी प्रश्नचिन्ह तर अजिबात नको.

याहून अवघड जागा पुढची. 'ही शुड हॅव सेड सो' म्हणजे तो तसं बोलला नाही, बोलायला हवं होतं. याच वाक्याआधी 'इट इज स्ट्रेंज दॅट' जोडा. आता तो तसं बोलला आहे आणि आपल्याला त्याचं नवल वाटतंय! शब्द तेच, पण घडलेली गोष्ट नेमकी उलट. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलं इथे फसतात, आणि याचं वाईट वाटतं, कारण मराठी मुलाला हे अवघड जायचं काहीच कारण नाही. 'त्यानं अभ्यास करावा' यात कर्तव्य आहे, 'त्यानं असं बोलावं याचं नवल वाटतं' यात आश्चर्य. 'नाशिक रोडला पोचावं आणि डोळ्यांदेखत पंचवटी एक्स्प्रेस सुटावी' हे तर आपण रोज बोलतो. आपल्या विध्यर्थी रूपात हे दोन्ही अर्थ नांदतात, तसेच 'शुड'मध्येही. 'हू शुड वॉक इन बट द प्रिन्सिपल' म्हणजे 'आत कोण यावं, तर खुद्द प्राचार्य!' फळ्यावर 'पाहिजे'च्या शेजारी 'करावं, यावं, बोलावं' लिहिलं, तरी निम्मं काम होईल.

'सजेस्ट', 'रेकमेंड' यांच्यानंतर ब्रिटिश वळणात 'दॅट ही शुड गो' येतं. अमेरिकन वळणात 'शुड' गळून 'दॅट ही गो' उरतं. मुलानं लिहिलेल्या या 'गो'वर लाल शाई फिरवून 'गोज' करू नये, ही शिक्षकांना कळकळीची विनंती. 'स्ट्रेंज'नंतर मात्र तसं चालत नाही. तिथे 'शुड' काढला की 'ही से' नव्हे, 'ही सेज' लिहावं लागतं.

राहिला परीक्षेतला लाडका 'लेस्ट'. त्याच्या पोटातच नकार असतो. 'रन लेस्ट यू शुड मिस द बस' म्हणजे 'बस चुकू नये म्हणून पळ'. त्यात आणखी 'नॉट' घातला की अर्थ उलटतो. पुढे 'विल' लावू नये. 'शुड' लावावा, नाहीतर 'लेस्ट यू मिस' असं मूळ क्रियापद ठेवावं.

— इंग्रजीचे एक शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक