सूचना : ई-श्रम नोंदणी आणि आपले हक्क

सर्व डिलिव्हरी व कॅब सदस्यांसाठी,

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची (म्हणजे ॲपवरून काम घेणारे आपल्यासारखे) व्याख्या आहे, पण ती मालक-नोकर नात्याच्या बाहेरची. म्हणून केवळ या व्याख्येवर पीएफ किंवा ग्रॅच्युइटी मागता येत नाही. विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांच्या योजनांचा मार्ग मात्र खुला होतो. त्यासाठी ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के.

हे पैसे कंपनीने द्यायचे आहेत. तुमच्या पेमेंटमधून त्या नावाने कपात दिसली, तर स्क्रीनशॉट काढून लगेच ग्रुपवर टाका.

ई-श्रम या केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांसाठीच्या पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणूनच नोंद करा. अनेकांची जुनी नोंद वेगळ्या व्यवसायाखाली आहे, ती अद्ययावत करावी लागेल. आधी मोबाइल आधारला जोडलेला आहे का ते पाहा, नाहीतर ओटीपी येणारच नाही. ॲपमधले नाव आणि आधारवरचे नाव तंतोतंत जुळू द्या. ई-श्रमचा यूएएन (खाते क्रमांक) आणि पीएफचा यूएएन दोन्ही १२ अंकी असतात, पण ते एक नव्हेत. नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. हेल्पलाइन : १४४३४.

कंपनीच्या ॲपवरचा आयडी ब्लॉक झाला की ॲपमधला हिशेबही दिसेनासा होतो. म्हणून दर आठवड्याचे पेमेंट आजपासूनच सेव्ह करत चला. अपघात झाला तर चालू ऑर्डरचा वेळेसह स्क्रीनशॉट सर्वांत आधी काढा. विम्याचा दावा बहुधा त्यावरच अडतो.