दोन दिवसांत संगीतोपचारक होता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेत अलीकडे संगीतोपचाराच्या शिबिरांच्या जाहिराती वारंवार दिसू लागल्या आहेत. शनिवार-रविवार मिळून दोन दिवस, जेवणासह शुल्क आणि शेवटी ‘संगीतोपचारतज्ज्ञ’ असे छापलेले प्रमाणपत्र, असा त्यांचा साधारण थाट असतो. मी तीस वर्षे तबला शिकवतो. माझ्या वर्गातूनच पुढे गेलेली आणि आता संगीतात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी अशा एका शिबिराला जाऊन आली. त्यानंतर जे पाहिले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

तिला तिथे एक पुस्तिका मिळाली होती. डाव्या रकान्यात रोग आणि उजव्या रकान्यात राग. एका वृद्धाश्रमात तिने पहिला कार्यक्रम केला, साथीला मी होतो. आलाप सुरू होऊन पाचेक मिनिटे झाली असतील, तोच पुढच्या खुर्चीतल्या एक आजी पदराने डोळे पुसू लागल्या आणि मग त्यांना हुंदका आवरेना. मुलगी गोंधळली, पण पुस्तिकेत वीस मिनिटे असे लिहिले होते, म्हणून ती गात राहिली. शेवटी तिथल्या मावशींनी आजींना हाताला धरून आत नेले. परतताना रिक्षात तिने मला विचारले, ‘सर, मी थांबायला हवं होतं का?’ मला उत्तर देता आले नाही. गाणे सुरेल झाले होते, एवढेच मी सांगू शकलो असतो.

या प्रश्नाचे उत्तर देता यावे यासाठी जगात रीतसर शिक्षण आहे. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाने 1944 मध्ये या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तिथे आज पदवीच्या पातळीवरही किमान 1200 तास देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम करावे लागते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि नियामक परिषदेकडील नोंदणी असल्याशिवाय कोणाला कायद्याने स्वतःला संगीतोपचारक म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे ही पाटी कोणीही लावू शकतो.

पद्धती म्हणजे काय, याचा थोडा अनुभव मला घरीच आला. माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. तो वॉकर धरून चालू लागला तेव्हा मी उत्साहाने डिजिटल तबल्यावर संथ दादरा (सहा मात्रांचा ताल) लावून दिला, आणि त्याची पावले अधिकच अडखळू लागली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो बंद करायला लावला, घड्याळ लावून त्याची पावले मोजली, ती मिनिटाला 52 भरली. मग त्यांनी तेवढ्याच लयीत केरवा (चार-चार मात्रांच्या खंडांचा ताल) लावायला सांगितला आणि चाल स्थिर झाल्यावर लय 55 वर, पुढे 57 वर नेली. लय रुग्णाच्या पावलावरून घ्यायची आणि नंतर पाच ते दहा टक्क्यांनीच वाढवायची, हा मेंदूविकारांवरील संगीतोपचारातला नियम आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. दादऱ्याचे तीन-तीन मात्रांचे खंड असल्याने जोर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर येतो, हे मात्र मी त्यांना सांगितले. तिथे दोघांचे ज्ञान लागले, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे शिकलेले नव्हते.

वाचा गेलेल्यांसाठी 1973 मध्ये मांडलेली पद्धतही अशीच आहे. छोटे वाक्य दोन स्वरांवर ठेवून, रुग्णाच्या डाव्या हाताने अक्षरागणिक ठोका देत, ते म्हणून घेतात. ती इंग्रजी बोलण्याच्या चढउतारावर बेतलेली आहे. ‘पाणी दे’ मराठीत कोणत्या दोन स्वरांवर बसते, हे कोणीतरी रुग्णांबरोबर बसून ठरवायला हवे. पदव्युत्तर प्रबंधाला याहून चांगला विषय मला तरी सुचत नाही.

काही पद्धती तर पदव्युत्तर पातळीच्या आधी हातातच देऊ नयेत. हेलन बॉनी यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण शिथिल अवस्थेत संगीत ऐकतो आणि मनात उमटणारी चित्रे उपचारकाला सांगत जातो. त्यातून खोल दडलेले दुःख वर येऊ शकते आणि ज्यांची वास्तवाची जाणीव डळमळीत आहे अशांना ती अपायकारक ठरू शकते. म्हणूनच ती शिकणाऱ्याला आधी स्वतः रुग्णाच्या जागी बसून हे अनुभव घ्यावे लागतात. वृद्धाश्रमातल्या आजींचे रडणे मला याच संदर्भात आठवते. आलापाने काय उघडते, हे आपल्या गवयांना चांगले ठाऊक असते. उघडलेले सांभाळायचे कसे, हे शिकवलेले नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, आणि त्याच गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयांची दाटी आहे. लहानपणी दृष्टी अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर गाणे शिकले तेही मिरजेतच. अडचण कागदपत्रांची आहे. संगीताचे एम. ए. शिवाजी विद्यापीठाचे आणि वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे दोन्हींचा करार झाल्याशिवाय संगीताच्या विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल ठेवता येणार नाही. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठाने वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच संगीतोपचाराचे शिक्षण व संशोधन केंद्र उभे केले आहे, तेव्हा हे अशक्य नाही.

दोन्ही विद्यापीठांना माझी विनंती अशी की, एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी मोजक्या विद्यार्थ्यांसाठी हा विशेष विषय ठेवावा. प्रवेश मैफलीतल्या तयारीवर नव्हे, तर मुलाखत घेऊन द्यावा. पहिले काही महिने विद्यार्थ्याने फक्त मागे बसून पाहावे व नोंदी कराव्यात, मग मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळावेत, आणि परीक्षा त्या नोंदींवर घ्यावी. शिकवायला सुरुवातीला बाहेरून माणसे आणावी लागतील, हे उघड आहे. रुग्णालयाने एक शांत खोली द्यावी. तिच्यासाठी तंबोरा कुठून आणायचा, हे मिरजेत कोणाला सांगावे लागणार नाही.

आपला,
एक तबला शिक्षक,
विश्रामबाग, सांगली